नदीचं पाणी शहरासाठी जमिनीत कसं साठवावं: खड्डा सगळ्यात शेवटी

पाणी जमिनीत मुरवायचं म्हटलं की आपल्याकडे आधी जेसीबी येतो. खड्डा खणला जातो, नारळ फुटतो, फोटो निघतो. आमच्या सोसायटीच्या शोषखड्ड्याचंही असंच झालं. पहिल्याच जोरदार पावसात पार्किंगमधला सगळा चिखल त्यात उतरला आणि तेव्हापासून तिथे फक्त डास होतात. सोसायटीचा खड्डा फसला तर फार काही बिघडत नाही. पण एखादं शहर नदीचं पाणी जमिनीखाली ठेवून पुढच्या वीस-तीस वर्षांची बेगमी करायला निघालं, तर खणण्याआधीची कामंच महत्त्वाची ठरतात.

ती कामं कोणत्या क्रमाने करायची, हे इथे सांगतो. मुख्य उदाहरण अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहराचं आहे. हे शहर आधी चांगलंच ठेचकाळलं आणि मग सावरलं, म्हणून ते निवडलं.

टूसॉन वाळवंटात आहे आणि कित्येक दशकं ते निव्वळ विहिरींवर जगलं. पातळी खोल जात राहिली. कोलोरॅडो नदीचं पाणी आणण्यासाठी १९७३ मध्ये सेंट्रल अ‍ॅरिझोना प्रोजेक्टचं बांधकाम सुरू झालं. सुमारे ५४० किलोमीटर लांबीचा हा कालवा पाणी जवळपास ८८० मीटर वर चढवत आणतो. अ‍ॅरिझोनात सगळ्यात जास्त वीज खाणारा एकटा ग्राहक हाच. टूसॉनच्या वाट्याला त्यातून वर्षाला १,४४,१९१ एकर-फूट पाणी आलं. आपल्या हिशेबात सांगायचं तर साधारण ६.३ टीएमसी, म्हणजे पानशेत धरणात मावतं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त.

नोव्हेंबर १९९२ मध्ये शहराने हे पाणी शुद्ध करून थेट नळांना सोडलं. कागदावर पाणी पिण्याजोगं होतं, पण त्याचं रसायन विहिरीच्या पाण्यापेक्षा वेगळं होतं. जुन्या लोखंडी नळांच्या आत वर्षानुवर्षं बसलेला गंज त्याने सोडवला आणि घराघरांत तांबूस-तपकिरी पाणी आलं. कपडे डागाळले, गिझर खराब झाले, नळ फुटले, भरपाईचे दावे झाले. १९९४ मध्ये पुरवठा बंद करावा लागला. १९९५ मध्ये लोकांनी मतदान करून असं पाणी थेट नळाला देण्यावर बंदीच घातली. हातात नदीचं पाणी आहे आणि ते पाजता येत नाही, अशी कोंडी झाली. ती फोडली शहराच्या पश्चिमेकडच्या आव्हरा खोऱ्यातल्या मातीने. पाणी तिथे उथळ तळ्यांत सोडायचं, खाली मुरू द्यायचं, भूजलात मिसळू द्यायचं आणि विहिरींनी परत उपसायचं. मे २००१ पासून हे मिश्र पाणी नळांना येतं आहे.

पायरी १: पाणी कुठलं, कधी आणि किती गढूळ

पहिला प्रश्न पाण्याचा, जमिनीचा नव्हे. नदीत जास्तीचं पाणी वर्षातले किती दिवस असतं आणि त्यावर आधीच कोणाचा हक्क आहे का, हे किमान दहा वर्षांच्या नोंदी घेऊन पाहा. टूसॉनची सोय अशी, की कालव्यातून पाणी जवळपास बारा महिने आणि बऱ्यापैकी निवळ येतं. आपल्या नद्या चार महिन्यांच्या. जास्तीचं पाणी येतं ते पुराचं आणि पूर म्हणजे गाळ.

हिशेब करून पाहा. तळ्यात रोज अर्धा मीटर पाणी मुरतंय आणि लिटरमागे ५० मिलिग्रॅम गाळ आहे असं धरा. दर चौरस मीटरवर रोज २५ ग्रॅम गाळ बसतो, महिन्याला पाऊण किलो. पुराच्या पाण्यात लिटरला एक ग्रॅम गाळ असणं काही विशेष नाही. त्या पाण्याने रोज अर्धा किलो, दहा दिवसांत पाच किलो. दुधावर साय धरावी तसा तीन-चार मिलिमीटरचा थर तळाशी धरतो आणि तळं मुरायचं थांबतं. खाली कितीही उत्तम रेती असली तरी उपयोग नाही. म्हणून पुराचं पाणी थेट मुरवायचं नाही. ते आधी धरणात किंवा निवळणीच्या तळ्यात थांबवायचं आणि पूर ओसरल्यावर संथपणे सोडायचं. ज्या योजनेत निवळणीला जागाच दाखवलेली नाही, ती योजना मी तरी पुढे वाचणार नाही.

दुसरी खबरदारी अशी, की नदीकडचा दरवाजा बंद करता आला पाहिजे. अ‍ॅमस्टरडॅम शहर १८५३ पासून समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतलं पाणी पितं. उपसा इतका वाढला की खालून खारं पाणी वर चढू लागलं, तेव्हा १९५७ पासून त्यांनी ऱ्हाईन नदीचं पाणी गाळून, पन्नासेक किलोमीटर नळाने आणून त्याच टेकड्यांत मुरवायला सुरुवात केली. १९८६ च्या नोव्हेंबरात स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला रसायनांच्या गोदामाला आग लागली आणि ऱ्हाईन विषारी झाली. खालच्या अंगाच्या डच पाणीपुरवठा संस्थांनी नदीचं पाणी घेणं थांबवलं आणि जमिनीतल्या साठ्यावर दिवस काढले. जमिनीतल्या साठ्याचा हा फायदा दुष्काळात होणाऱ्या फायद्याइतकाच मोठा आहे, पण योजनेच्या कागदात तो सहसा लिहिलेला नसतो.

पायरी २: जमीन किती पाणी धरते ते आकड्यांत काढा

जमिनीखाली तळं नसतं. पाणी रेतीच्या कणांमधल्या किंवा खडकाच्या भेगांमधल्या जागेत राहतं आणि ती जागा किती, यावर सगळा खेळ आहे. एक चौरस किलोमीटर क्षेत्राखाली पातळी १० मीटरने वाढवली असं समजू. रेती-गोट्यांच्या गाळाच्या जमिनीतून साधारण १५ टक्के पाणी परत मिळतं, म्हणजे १५ लाख घनमीटर. माणशी १३५ लिटरने एक लाख वस्तीला हे सुमारे १११ दिवस पुरतं. तीच वाढ आपल्या झिजलेल्या काळ्या कातळात झाली, तर २ टक्के धरून मिळतात २ लाख घनमीटर, म्हणजे पंधरा दिवसांचं पाणी.

यापुढे जरा स्पष्ट बोलायला हवं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या कातळाचा आहे. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर यांनी टूसॉनची नक्कल करण्यात अर्थ नाही. या शहरांत बोअरचं पुनर्भरण जरूर करावं, इमारतीला आणि गल्लीला त्याचा उपयोग होतो. पण शहराचा वर्षभराचा साठा भेगांत ठेवता येत नाही. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा सगळीकडे एकसारखी रंगवलेली दिसते, पण खालचा खडक सगळीकडे एकसारखा नाही.

अपवाद तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्याचा. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांचा आणि भरड रेतीचा जाड थर आहे. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. ओढा डोंगरातून उतरतो आणि पाहता पाहता गोट्यांत गडप होतो, ती ही जमीन. केळीच्या बागांसाठी झालेल्या उपशाने तिथली पातळी खूप खोल गेली आहे, म्हणजेच खाली रिकामी जागा भरपूर आहे. तापी महापुनर्भरण योजना याच जागेवर बेतलेली आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तिचा करार केला. दोन्ही राज्यांचं मिळून सुमारे ३१ टीएमसी पाणी त्यात धरलं आहे, त्यातला मोठा वाटा महाराष्ट्राचा. तिचा भर शेतीवर आहे, पण त्या पट्ट्यातल्या नगरपालिकांनी पिण्याच्या पाण्याचा वाटा आत्ताच मागून ठेवावा.

अशा जमिनीतलं पाणी शहराला पाजणं तिथे नवीनही नाही. तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, शंभरेक कुंड्या जोडत, निव्वळ उतारावर शहराकडे आणलं आहे. पंप नाही, वीज नाही.

रिकामी जागा कायम रिकामी राहते असं मात्र धरून चालू नका. टूसॉन आणि फीनिक्सच्या मधल्या पट्ट्यात बेसुमार उपशाने जमीन काही मीटर खचली आणि लांबच लांब भेगा पडल्या. चिकणमातीचे थर एकदा दबले की पाणी परत सोडूनही पूर्ववत फुगत नाहीत. तेवढी साठवण कायमची गेली.

पायरी ३: चाचणी, आणि तीही मोठी

पोलादाची दोन कडी एकात एक ठोकतात, दोन्हींत पाणी भरतात आणि आतल्या कड्यातलं पाणी तासाला किती उतरतं ते मोजतात. बाहेरच्या कड्यातलं पाणी आतल्या पाण्याला बाजूला पसरू देत नाही. ही चाचणी स्वस्त आहे, दहा-वीस ठिकाणी करा. पण त्या आकड्यावर तळ्याची रचना करू नका. हातभर कड्याखाली रेती लागेल आणि पाच मीटरवर चिकणमातीचा अखंड पट्टा असेल. मोठ्या तळ्याचं पाणी त्या पट्ट्यावर अडून बसतं.

म्हणून आधी खोल छिद्रं घेऊन थरांचे नमुने काढा. मग साधारण एक हेक्टरचं एकच प्रायोगिक तळं करा आणि किमान एक पूर्ण हंगाम चालवा. रोज अर्धा मीटर मुरत असेल, तर ते तळं दिवसाला ५,००० घनमीटर, म्हणजे ५० लाख लिटर पाणी घेतं. पहिल्या आठवड्याचा वेग पाहून हुरळून जाऊ नका. साठाव्या दिवशी किती राहतो, तो आकडा धरा.

तळ्याभोवती निरीक्षण विहिरी हव्यातच. मुरलेलं पाणी खाली उंचवट्यासारखं साचतं आणि मग हळूहळू पसरतं. उंचवटा तळ्याच्या बुडाला टेकला की मुरणं मंदावतं. जवळ वस्ती किंवा खोलगट शेतं असतील तर तळघरात पाणी आणि शेतात चिबड (पाणी साचून जमीन नासणं), दोन्ही तक्रारी येणार.

पायरी ४: तळं की विहीर

वरपासून खालपर्यंत रेती असेल तर तळंच करा. वर चिकणमातीचा जाड थर आणि खाली चांगला जलधर (पाणी धरणारा रेतीचा किंवा खडकाचा थर) अशी जमीन असेल, तर विहिरीतून पाणी आत सोडावं लागतं. पण विहिरीची जाळी म्हणजे चहाची गाळणी. किंचित गाळ, थोडे जीवाणू, विरघळलेली हवा यांनीही ती बुजते. त्यासाठी पाणी जवळपास पिण्याच्या दर्जाचं लागतं आणि ठरावीक काळाने उलटा उपसा करून जाळी साफ करावी लागते. शिवाय प्राणवायू असलेलं पाणी खोल खडकात गेलं की तिथली रसायनं जागी होऊ शकतात. फ्लोरिडात अशा काही विहिरींत खडकातलं आर्सेनिक पाण्यात उतरलं होतं. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या बोअरमध्ये ओढ्याचं पाणी नळाने सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. माती हा फुकटचा फिल्टर आहे आणि बोअर त्याला बाजूला सारून थेट आत जातो.

पायरी ५: तळं बांधणं आणि चालवणं

आता जेसीबी बोलवा, पण तळाशी फिरू देऊ नका. यंत्राच्या वजनाने माती दबली, तर जी पोकळी वापरायची तीच चेपली जाते. यंत्र बांधावर उभं करून हात लांबवून काम करायचं. शेवटी तळ हलका नांगरून घ्यायचा.

तळी खोल नकोत, पसरट हवीत. जास्त पाणी उभं केलं की जास्त मुरेल हा समज बहुतेक ठिकाणी फसतो. वजनाने गाळाची साय आणखी घट्ट होते आणि संथ पाण्यात शेवाळ वाढतं. एकच मोठं तळं न करता चार-सहा वाफे करा, म्हणजे एक भरलेला असताना दुसरा सुकवता येतो.

हे आवर्तनच या योजनेचा जीव आहे. काही दिवस भरायचं, मग पाणी तोडून तळ उघडा पाडायचा. उन्हात साय तडकते, तिच्या पापुद्र्यांच्या कडा वर वळतात आणि भेगा पडतात. वापसा आला, म्हणजे माती फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही अशी झाली, की तो पापुद्रा खरवडून बाहेर काढायचा, मगच कुळव फिरवायचा. नुसता नांगर फिरवलात तर गाळ खाली गाडला जातो आणि पुढच्या वर्षी हात न पोहोचणाऱ्या खोलीवर अडथळा तयार होतो. शेतकऱ्याला वापसा कळतो, कंत्राटदाराला कळतोच असं नाही. तळ्यावरचा माणूस गावातला शेतकरी असावा, असं माझं मत.

पायरी ६: पाणी खाली जाताना काय बदलतं आणि काय नाही

मातीतून जाताना गढूळपणा जातो, जंतू अडतात आणि मरतात, सेंद्रिय घाण बरीच कमी होते. अ‍ॅमस्टरडॅमला पाणी वाळूत दोन-तीन महिने राहतं, तरीही बाहेर आल्यावर त्यावर आणखी प्रक्रिया करतात. पण क्षार मातीत अडत नाहीत. कोलोरॅडोचं पाणी टूसॉनच्या मूळ भूजलापेक्षा बरंच क्षारयुक्त आहे, त्यामुळे मिश्रण वर्षागणिक जड होत जातं. हे त्यांनी लोकांपासून लपवलं नाही. पोळलेल्या शहराला आधी मिश्र पाण्याच्या बाटल्या वाटल्या, मग स्वखुशीने तयार झालेल्या काही वस्त्यांना पाणी देऊन पाहिलं आणि त्यानंतर सगळीकडे सोडलं. ही तयारी मला तळ्यांइतकीच महत्त्वाची वाटते.

नळांची परीक्षाही याच टप्प्यावर घ्या. नवं पाणी जुन्या नळाच्या तुकड्यांतून काही महिने फिरवून पाहायचं, गंज सुटतो का, सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता) किती ठेवावा लागतो. १९९२ च्या फजितीचं उत्तर इतकं साधं होतं.

आणि जागा निवडताना औद्योगिक वसाहतीपासून दूर राहा. टूसॉनच्याच विमानतळ परिसरातल्या भूजलात यंत्रं धुण्याच्या द्रावकाचं प्रदूषण १९८१ मध्ये उघड झालं आणि त्याची साफसफाई पुढे दशकानुदशकं चालली. घाण पट्ट्यावर तळं केलंत, तर तुमचंच पाणी ती घाण ढकलत विहिरींपर्यंत नेतं.

पायरी ७: साठवलेलं पाणी कोणाचं

इंजिनिअर मंडळी हा प्रश्न वकिलांवर सोडून देतात आणि योजना इथेच बुडते. शहराने पैसे घालून पाणी मुरवलं आणि शेजारच्या शिवारातल्या शंभर बोअरनी ते उपसलं, तर साठा कसला? आपल्याकडे जमीन ज्याची त्याचं खालचं पाणी, हीच समजूत रुजलेली आहे. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ मध्ये लागू झाला, तरी बोअर मारणाऱ्याला विचारून पाहा, त्याने त्याचं नाव ऐकलंय का.

टूसॉनला दोन गोष्टींनी तारलं. अ‍ॅरिझोनाने १९८० मध्येच भूजल कायदा करून उपशावर लगाम घातला होता. आणि शहराने त्याआधीच आव्हरा खोऱ्यातली हजारो एकर शेतजमीन विकत घेतली होती. ती घेतली होती तिथलं पाणी उपसण्यासाठी, पुढे त्याच जमिनीवर पाणी मुरवण्याची तळी झाली. आज तिथल्या दोन मोठ्या प्रकल्पांना मिळून वर्षाला १,६०,००० एकर-फूट, म्हणजे साधारण ७ टीएमसी मुरवण्याची परवानगी आहे. शहराच्या वाट्यापेक्षाही थोडी जास्तच. वापरून उरलेलं पाणी खाली शिल्लक पडतं आणि राज्याच्या वहीत शहराच्या नावे जमा होतं. दीर्घ मुदतीच्या जमेतून ५ टक्के कापून जलधरासाठी कायम सोडले जातात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडोवर पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली, तेव्हा कपातीचा पहिला फटका अ‍ॅरिझोनातल्याच पिनाल परगण्यातल्या शेतकऱ्यांना बसला. टूसॉनच्या नळाला धक्का लागला नाही.

त्या पद्धतीतही एक पळवाट आहे. पाणी एका टोकाला मुरवून जमेच्या बळावर दुसऱ्या टोकाला उपसता येतं. वही जुळते, पण दुसऱ्या टोकाची पातळी उतरतच राहते. तुमच्या ठरावात मुरवलं त्याच्या आसपासच उपसायचं, असं स्पष्ट लिहा. तळ्यांभोवतीचा पट्टा विकत घ्या, किंवा तिथल्या शेतकऱ्यांशी लेखी करार करून त्यांनाही ठरावीक पाणी द्या. दुसरा मार्ग मला अधिक टिकाऊ वाटतो, कारण ज्याला वाटा मिळतो तो चोरून बोअर मारणाऱ्याकडे लक्ष ठेवतो.

पायरी ८: नोंदवही

योजना चालू झाली की रोज चार आकडे लिहायचे: तळ्यात किती पाणी सोडलं, त्याचा गढूळपणा किती, निरीक्षण विहिरीची पातळी किती आणि किती उपसलं. महिन्यातून एकदा क्षार, नायट्रेट आणि जंतूंची तपासणी. मीटर बंद पडला तर त्या दिवशी ‘बंद’ असंच लिहायचं, अंदाजाचा आकडा नको. ही वही नगरपालिकेच्या फळ्यावर महिन्याला लावावी.

शिवाय साठा कधी फोडायचा, हे पाऊस चांगला असतानाच ठरवून ठेवा: धरणात अमुक तारखेला अमुक टक्क्यांखाली साठा गेला, तरच उपसा सुरू. एप्रिलमध्ये, टँकर दारात उभे असताना, हा आकडा ठरवायला बसलात तर प्रत्येक नगरसेवकाचा आकडा वेगळा असेल.